दहा फुटांवरचे शहर

१९३०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात मध्यरात्रीनंतर कुठे गोळीबार झाला, कुठे आग लागली, की पोलिसांच्या पाठोपाठ एक शेव्हरोले मोटार येऊन थांबे. तिच्यातून चुरगळलेल्या कोटातला, तोंडात सिगार धरलेला एक ठेंगणा, स्थूल माणूस उतरे. हातात पेटीसारखा अवजड कॅमेरा आणि त्याच्या कुशीला फ्लॅशची चकचकीत वाटी. तो गर्दीतून पुढे होई, ठरावीक अंतरावर थांबे, डोळे दिपवणारा प्रकाश एकदाच चमके आणि काम संपे. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत डोकावणे नाही, अंतर मोजणे नाही, लेन्स पुढेमागे सरकवणे नाही. हे सारे आधीच करून ठेवलेले असे. कॅमेरा बहुतेक वेळा दहा फुटांवर लावलेला असे. बदलायची ती फक्त त्या माणसाची उभी राहण्याची जागा.

हा माणूस म्हणजे आर्थर फेलिग. जग त्याला वीजी या नावाने ओळखते. गुन्हे, अपघात, आगी आणि उन्हाळ्याच्या रात्री लोखंडी जिन्यांवर झोपलेली गरिबांची मुले यांची त्याने टिपलेली छायाचित्रे आज जगातील नामवंत संग्रहालयांत आहेत. काढली गेली तेव्हा मात्र ती दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रासाठी होती आणि एकेका छायाचित्राचे मोल काही डॉलर एवढेच होते.

हातगाडीवाल्याचा मुलगा

वीजीचा जन्म १२ जून १८९९ रोजी झोलोचिव या गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांतात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव अशर. वडील पोटापाण्यासाठी आधी अमेरिकेला गेले आणि १९०९च्या सुमारास पत्नी व मुले त्यांच्या मागोमाग न्यूयॉर्कला पोहोचली. अमेरिकेत पाऊल टाकताना अशरचा आर्थर झाला.

लोअर ईस्ट साइड ही त्या काळी स्थलांतरितांची वस्ती. अंधाऱ्या खोल्या, सामाईक संडास आणि माणसांची दाटी. वडील हातगाडीवर माल विकत, पण धर्माचे नियम पाळणाऱ्या या गृहस्थाला शनिवारी धंदा बंद ठेवावा लागे. पुढे ते धर्मगुरू झाले, तरी घरातील चणचण काही संपली नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी आर्थरने शाळा सोडली. रस्त्यावर फिरणाऱ्या एका छायाचित्रकाराने पत्र्यावर त्याचे चित्र काढून दिले होते. त्या चित्राने त्याला असे काही झपाटले, की त्याने टपालाने तसलाच संच मागवला आणि स्वतःच रस्त्यावर उभा राहिला.

त्यानंतर काही काळ त्याने एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडे उमेदवारी केली. पुढे एक तट्टू भाड्याने घेऊन त्याने त्याचे नाव हायपो ठेवले. छायाचित्र पक्के करण्यासाठी डार्करूममध्ये जे रसायन वापरतात, त्याचे हे नाव. वस्तीतील मुलांना तट्टावर बसवायचे, छायाचित्र काढायचे आणि ते आईबापांना विकायचे, असा हा धंदा. मुलांचे चेहरे जितके गोरे दिसत तितके आईबाप खूश होत, म्हणून तो मुद्दाम तशा कागदावर प्रती छापत असे. अखेर तट्टाचा खुराक परवडेनासा झाला आणि धंदा बुडाला. अठराव्या वर्षी घर सोडलेल्या आर्थरने यानंतर बागेतील बाकांवर, धर्मादाय निवाऱ्यांत आणि पेनसिल्व्हेनिया स्थानकात रात्री काढल्या. हॉटेलात भांडी घासली, मूकपटाच्या थिएटरात व्हायोलिन वाजवले. ज्यांची छायाचित्रे तो पुढे काढणार होता, ते लोक त्याला परके नव्हते. त्यांच्यातच तो झोपला होता.

डार्करूममधील अकरा वर्षे

१९२४मध्ये अॅक्मी न्यूजपिक्चर्स या वृत्तछायाचित्र संस्थेच्या डार्करूममध्ये त्याला नोकरी मिळाली. इतरांनी काढलेल्या फिल्म धुणे, प्रती छापणे हे त्याचे काम. रात्री काही घडले आणि नेहमीचे छायाचित्रकार झोपेत असले, की आर्थरला पाठवले जाई. दिवसाच्या कामासाठी पांढरा शर्ट आणि टाय आवश्यक होता आणि तो घालायची त्याची तयारी नव्हती, म्हणून रात्रच त्याच्या वाट्याला आली. छायाचित्रे छापून येत, पण त्याखाली नाव संस्थेचे असे. १९३५मध्ये त्याने नोकरी सोडली.

त्याच्या टोपणनावाची कथा दोन प्रकारे सांगितली जाते. ओल्या प्रतींवरील पाणी रबरी पट्टीने निपटणाऱ्या पोराला इंग्रजीत जे म्हणत, त्यावरून ते आले असे काही म्हणतात. घटना घडण्याआधीच हा तेथे कसा पोहोचतो, या आश्चर्यातून भुताखेतांशी बोलण्याच्या ‘विजा’ पाटाचे नाव त्याला चिकटले, असे तो स्वतः सांगत असे. पोलीस मुख्यालयाच्या मागे एका बकाल खोलीत तो राहत होता आणि १९३८मध्ये मोटारीत पोलिसांचा रेडिओ बसवण्याची परवानगी त्याला मिळाली होती, ही त्या चमत्कारामागची वस्तुस्थिती. मोटारीच्या डिकीत टंकलेखन यंत्र, फ्लॅशचे दिवे, फिल्मच्या चौकटी, कपड्यांचा जोड आणि सिगारचा साठा असे. छायाचित्रांच्या मागे तो शिक्का मारी. त्यात आपल्या नावाला प्रसिद्ध हे विशेषण त्याने स्वतःच जोडून घेतले होते.

अंतराचे गणित

वीजीच्या कामाचे मर्म कळायचे तर त्याचा कॅमेरा समजून घ्यावा लागतो. अमेरिकेतील रोचेस्टर शहरात तयार होणारा स्पीड ग्राफिक १९१२मध्ये बाजारात आला आणि १९७३पर्यंत बनत राहिला. चार इंच रुंद आणि पाच इंच लांब अशा सुट्या फिल्मवर तो छायाचित्र घेई. पुढचे झाकण उघडून आडवे केले, की त्यावरील दोन रुळांवरून लेन्स बाहेर ओढायची. तिच्या मागे चामड्याचा भाता. दूरची वस्तू स्पष्ट हवी असेल तर लेन्स आत आणि जवळची हवी असेल तर बाहेर, असा साधा नियम. चित्र कितपत स्पष्ट आहे, ते मागच्या दुधी काचेवर उलटे दिसे. पण रात्रीच्या अंधारात दुधी काचेवर काहीच दिसत नाही आणि फिल्मची चौकट एकदा मागे बसली, की काच झाकलीच जाते.

यावर दोन उपाय होते. रुळांच्या कडेला अंतराची पट्टी असे. तिच्यावर फुटांचे आकडे कोरलेले. काटा दहावर आणला, की दहा फुटांवरील वस्तू स्पष्ट. दुसरा उपाय रेंजफाइंडरचा. कॅलार्ट नावाचा रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या कुशीला बसवला जाई. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसत. रुळाबरोबर हलणाऱ्या दांड्यामुळे एक प्रतिमा सरकत येई आणि ती दुसरीवर नेमकी बसली, की अंतर जुळले असे समजायचे.

ही दोन्ही साधने लेन्सशी बांधलेली असतात, ही यातील खरी मेख आहे. १२७ मिलिमीटरची लेन्स अनंत अंतरावरून दहा फुटांवर आणायची तर ती सुमारे साडेपाच मिलिमीटर पुढे यावी लागते. १५० मिलिमीटरच्या लेन्सला त्यासाठी जवळजवळ पावणेआठ मिलिमीटर लागतात. म्हणजे लेन्स बदलली आणि पट्टी जुनीच ठेवली, तर पट्टीवर दहा असताना कॅमेरा प्रत्यक्षात चौदा फुटांवर पाहत असतो. समोरच्या माणसाचा चेहरा धूसर आणि त्याच्या मागची भिंत स्पष्ट. वृत्तछायाचित्रकाराच्या दृष्टीने ही रात्रीची मजुरी बुडाल्यासारखेच. आज जुने स्पीड ग्राफिक हौसेने विकत घेणाऱ्यांना हाच अनुभव येतो, कारण गेल्या कित्येक दशकांत लेन्स या हातातून त्या हातात गेलेल्या असतात आणि पट्टी मात्र पहिल्या लेन्सचीच राहिलेली असते.

यावरचा इलाज जुना आहे आणि सोपा आहे. कॅमेरा तिवईवर ठेवायचा, लेन्स पूर्ण उघडायची आणि दूरवरचा एखादा दिवा किंवा मनोऱ्याचे टोक दुधी काचेवर भिंगातून पाहून नेमके करायचे. तेथे रुळांवरील अडसर पक्के केले, की अनंताची जागा ठरली. मग मोजपट्टीने सहा, आठ, दहा, पंधरा, पंचवीस फूट मोजून प्रत्येक अंतरावर पुन्हा काचेत पाहायचे आणि पट्टीच्या जागी चिकटवलेल्या कागदावर खूण करायची. रेंजफाइंडरची जुळणी अधिक किचकट. त्यात दूरच्या अंतराची एक आणि जवळच्या अंतराची दुसरी अशा जुळण्या असतात. एक बसवली की दुसरी किंचित हलते, म्हणून दोन्हींमध्ये अनेक फेऱ्या माराव्या लागतात. १९५५मध्ये कंपनीने रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या माथ्यावर नेला आणि प्रत्येक लेन्ससाठी वेगळी धातूची चकती दिली, तेव्हा लेन्स बदलणे सुकर झाले. वीजीच्या भरभराटीच्या काळात ही सोय नव्हती.

वीजीने या सगळ्या कटकटीतून काढलेली वाट साध्या गणिताची होती. लेन्स कोडॅक एक्टार, छिद्र एफ १६, वेग सेकंदाचा दोनशेवा भाग, अंतर दहा फूट आणि दर वेळी नवा फ्लॅशचा दिवा. एवढ्या लहान छिद्राला १२७ मिलिमीटरच्या लेन्समधून साधारण पावणेआठपासून चौदा फुटांपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. दोन पावले चुकली तरी छायाचित्र वाचते. शिवाय प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दहा फुटांवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या पाव हिस्साच वीस फुटांवर पोहोचतो. त्यामुळे वीजीच्या छायाचित्रांत समोरची माणसे लख्ख आणि मागचे शहर काळेकुट्ट दिसते. ही शैली त्याने कोणत्या कलाशाळेत शिकलेली नव्हती. पट्टीवरचा एक आकडा आणि काचेचा एक दिवा यांतून ती आपोआप जन्माला आली.

हेच गणित त्याने १९४५च्या आपल्या पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात होतकरू छायाचित्रकारांना मोकळेपणाने सांगून टाकले. स्पीड ग्राफिक घेण्याचे एक व्यवहारी कारणही त्याने दिले. तो कॅमेरा हातात असला, की पोलीस माणसाला वृत्तपत्राचा समजून आत सोडतात. दिल्लीत भारताच्या सत्तांतराचे क्षण टिपणाऱ्या, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातही स्पीड ग्राफिक होता, यावरून त्या काळच्या वृत्तछायाचित्रणातील या कॅमेऱ्याचे स्थान ध्यानात यावे.

प्रेताकडे पाठ

खुनाच्या जागी जमलेले इतर छायाचित्रकार प्रेताचे छायाचित्र घेत आणि निघून जात. वीजी तेही घेई, कारण त्याचेच पैसे मिळत. पण त्यानंतर तो अनेकदा वळे आणि प्रेत पाहणाऱ्या माणसांवर कॅमेरा रोखी. १९४१मध्ये ब्रुकलिनमध्ये एक जुगारी रस्त्यात मारला गेला. वीजीच्या छायाचित्रात तो मृतदेह नाहीच. शाळेतून सुटलेली मुले एकमेकांना ढकलत पुढे येत आहेत, कुणी हसते आहे, कुणी मान उंचावून पाहते आहे आणि त्यांच्या मधोमध मृताची एक नातेवाईक बाई आकांत करते आहे. दहा फुटांच्या त्या पट्ट्यात शोक आणि कुतूहल एकाच वेळी सापडले.

१९३९च्या डिसेंबरात ब्रुकलिनमधील एका इमारतीला आग लागली. वरच्या मजल्यावर अडकलेल्यांपैकी एक तरुणी आणि तिचे मूल वाचणार नव्हते. खाली रस्त्यावर तिची आई आणि बहीण वर पाहत उभ्या होत्या. वीजीने ज्वाळांचे नव्हे, त्या दोघींच्या चेहऱ्यांचे छायाचित्र घेतले. हे छायाचित्र काढताना आपल्याला रडू आले, असे त्याने पुढे नमूद केले. मृत्यूची छायाचित्रे विकून जगणाऱ्या माणसाचे हे अश्रू किती खरे, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. परंतु ते छायाचित्र पाहणाऱ्याला तो प्रश्न फार काळ छळत नाही.

जुलै १९४०मध्ये कोनी आयलंडच्या चौपाटीवर हजारो माणसे एकाच वेळी कॅमेऱ्याकडे पाहत असल्याचे त्याचे छायाचित्र तितकेच गाजले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘पीएम’ हे जाहिराती न घेणारे दैनिक निघाले. तेथील संपादकांनी वीजीच्या छायाचित्रांना ऐसपैस जागा दिली, त्याच्या नावासह. १९४१मध्ये फोटो लीगने त्याचे प्रदर्शन भरवले आणि १९४३मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची पाच छायाचित्रे विकत घेतली.

चित्रपटगृहांच्या अंधारातही तो शिरला. इन्फ्रारेड फिल्म आणि डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा फ्लॅश वापरून त्याने पडद्याकडे टक लावून बसलेली मुले, पेंगणारी माणसे आणि चुंबन घेणारी जोडपी टिपली. इन्फ्रारेड किरण साध्या प्रकाशाच्या किंचित मागे एकवटतात, त्यामुळे अंतराची पट्टी तेथे थोडी खोटी ठरते. लहान छिद्र असले की ही चूक पोटात घेतली जाते. आपले चित्र घेतले जात आहे, हे मात्र त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते आणि त्यांची परवानगीही कुणी मागितली नव्हती. आजच्या वृत्तपत्रांत असे छायाचित्र छापणे अवघड जाईल.

रचलेला क्षण

वीजीचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र २२ नोव्हेंबर १९४३चे. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या हंगामाची ती पहिली रात्र. फरचे झगे आणि हिऱ्यांचे मुकुट घातलेल्या दोन श्रीमंत महिला मोटारीतून उतरून आत निघाल्या आहेत आणि बाजूला उभी असलेली एक फाटक्या कपड्यांतील बाई त्यांच्याकडे जळजळीत नजरेने पाहते आहे. महायुद्धाच्या काळातील अमेरिकेच्या दोन टोकांचे ते दर्शन होते. ‘लाइफ’ साप्ताहिकाने ते छापले आणि पुढे ‘द क्रिटिक’ या नावाने ते जगभर गेले.

वीजीच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी त्याचा सहायक लुई लिओटा याने त्यामागची हकिकत सांगितली. ती बाई तेथे योगायोगाने आलेली नव्हती. बॉवरी भागातील एका दारूच्या अड्ड्यावरून तिला आणण्यात आले होते, तिला भरपूर मद्य पाजले होते आणि श्रीमंतांची मोटार येईपर्यंत तिला धरून ठेवण्याचे काम लिओटाकडे होते. क्षण आला तेव्हा तिला पुढे सोडण्यात आले.

वृत्तछायाचित्राच्या नीतीने पाहिले तर ही फसवणूकच होय. वाचकाने जे घडले म्हणून पाहिले, ते घडवून आणलेले होते. त्या बाईला तर आपण कशात सापडलो आहोत, याची शुद्धही नसावी. समाजातील दरी खोटी नव्हती, हा युक्तिवाद केला जातो. पण ती दरी दाखवण्यासाठी दरीच्या तळाशी असलेल्या एका माणसाचाच वापर केला गेला, हेही नाकारता येत नाही. एरवी घटना घडेल तेथे जाऊन दहा फुटांवर उभा राहणारा वीजी त्या रात्री घटनेलाच ओढून दहा फुटांवर घेऊन आला होता. त्याच्या कीर्तीचा कळस आणि त्याच्या कामावरचा डाग एकाच फिल्मवर आहेत.

हॉलिवूड आणि त्यानंतर

१९४५च्या जुलैमध्ये ‘नेकेड सिटी’ हे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि वीजी खरोखरच प्रसिद्ध झाला. निर्माते मार्क हेलिंजर यांनी या शीर्षकाचे हक्क घेतले. जूल्स डॅसिन यांनी दिग्दर्शित केलेला त्या नावाचा चित्रपट १९४८मध्ये आला आणि छायालेखन व संकलन यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले. वीजी स्वतःही हॉलिवूडला गेला. काही चित्रपटांत त्याने किरकोळ भूमिका केल्या. १९४७मध्ये केलेले लग्न फार टिकले नाही.

तेथून त्याच्या कामाची दिशा बदलली. वाकवलेली, वितळवलेली प्लास्टिके आणि शोभादर्शकासारखी भिंगे लेन्सपुढे धरून तो चित्रपट तारकांचे आणि राजकारण्यांचे चेहरे वेडेवाकडे करू लागला. कुणाला तीन डोळे, कुणाची मान हातभर लांब. हीच आपली खरी कला, असा त्याचा आग्रह होता. समीक्षकांना आणि रसिकांना तसे वाटले नाही. जोवर लेन्स आणि पट्टी यांचे इमान जुळलेले होते, तोवर त्याच्या छायाचित्रांत शहर दिसत होते. पुढे त्यांत प्रामुख्याने युक्ती दिसू लागली.

तरीही जुन्या वीजीचा मान राहिला. वृत्तछायाचित्रकार म्हणून कारकीर्द सुरू केलेला दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक त्याचा चाहता होता. १९६३मध्ये ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’च्या चित्रीकरणावेळी त्याने वीजीला इंग्लंडला बोलावून घेतले. अभिनेता पीटर सेलर्सने त्या चित्रपटातील विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या बोलण्याची ढब घडवताना वीजीच्या उच्चारांचा आधार घेतला.

अखेरच्या वर्षांत विल्मा विल्कॉक्स या समाजसेविकेने त्याची साथ केली. मेंदूतील गाठीच्या विकाराने २६ डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. तो ६९ वर्षांचा होता. मागे राहिलेला प्रतींचा आणि फिल्मचा पसारा विल्कॉक्सने जिवापाड जपला. डायन आर्बससारख्या पुढच्या पिढीतील छायाचित्रकर्तीने त्यातून प्रेरणा घेतली. १९९३मध्ये हा संग्रह न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आला. त्यात सुमारे वीस हजार प्रती आहेत.

दहा फूट हे अंतर मोठे विलक्षण आहे. तेथून रडणाऱ्याचे अश्रू दिसतात, पण पुसता येत नाहीत. हात लांब केला तरी पोहोचत नाही आणि मान फिरवली तरी विसरता येत नाही. बागेच्या बाकावर रात्री काढलेला, हातगाडीवाल्याचा हा मुलगा आयुष्याची सर्वांत महत्त्वाची दहा-बारा वर्षे आपल्याच माणसांपासून तेवढ्या अंतरावर उभा राहिला. त्यांच्या दुःखावर त्याने पोट भरले आणि कधी त्यांना वापरलेही. पण त्याच्याच दिव्याच्या उजेडात ती माणसे, ज्यांची एरवी कुणी दखलही घेतली नसती, आज ऐंशी वर्षांनंतरही स्पष्ट दिसतात.